लाल दोऱ्याची खूण

बोटीवरच्या प्रवाशांचं कुणी कौतुक करायला लागलं की मी तिथून उठून जाते. मी त्यांच्या चादरी धुते. वर डेकवर पांढऱ्या टोप्या घालून, हातात सरबताचे ग्लास धरून जी मंडळी एकमेकांशी मधाळ बोलत असतात, त्यांनी गादीवर बसून काय खाल्लं, कशाला हात पुसले, कुठे नाक शिंकरलं, ते सगळं दुसऱ्या दिवशी सकाळी बोटीच्या पोटात माझ्यासमोर येऊन पडतं. टॉवेलने बूट पुसणारे आहेत. एक काका तर उशीच्या अभ्र्यात उलटी करून त्याला वरून व्यवस्थित गाठ मारून ठेवतात, आणि शेजाऱ्याच्या चमच्याचा आवाज झाला की संध्याकाळी टेबलावर हेच नाक मुरडतात. लाँड्रीत आम्ही त्यांना 'गाठवाले काका' म्हणतो. या कामात माझे केस पांढरे व्हायला लागले, पण सवय झालेली नाही. किळस येते म्हणजे येते.

आमची बोट वर्षातून एकदाच माझ्या गावच्या बंदराला लागते, तीही सकाळी येऊन दुपारी निघण्यापुरती. तेवढ्यासाठी सुट्टी मिळवायची म्हणजे लाँड्रीच्या मुकादमाच्या नाकदुऱ्या काढाव्या लागतात. त्या मी बरेच दिवस आधीपासून काढल्या होत्या, कारण मला बाबांना भेटायचं होतं. बाबांना विसरायला होतं. गेल्या खेपेला मला बघून आधी म्हणाले, "कोण पाहिजे?" मग माझ्या हातांकडे बघत बसले, आणि चहा निम्मा संपल्यावर एकदम म्हणाले, "अगं, तू!" त्या 'अगं, तू'वर मी वर्ष काढलं. या वेळी ते मला ओळखतील की नाही, एवढा एकच घोर जिवाला लागला होता.

माझे बाबाही लाँड्रीवालेच. घराची पुढची खोली हीच त्यांची लाँड्री. बंदराला बोट लागली की खलाशांचे कपडे गाठोड्याने यायचे आणि बोट सुटायच्या आत धुऊन, इस्त्री करून परत जायचे. आयुष्यभर बोटीवाल्यांचे कपडे धुतले, पण बोटीवर पाऊल म्हणून ठेवलं नाही. धक्क्यावर उभं राहून गाठोडं द्यायचे तेव्हासुद्धा पाण्याकडे पाठ करून. समुद्र नुसता बघितला तरी त्यांना मळमळायचं.

कपड्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून कॉलरच्या आत लाल दोऱ्याने खूण घालायची त्यांची पद्धत होती. प्रत्येक गिऱ्हाइकाची खूण वेगळी. आमच्या घरच्या कपड्यांना एक फुली आणि तिच्याखाली आडवी रेघ. गिऱ्हाईक कपडे टाकून गेलं आणि त्याची बोट वर्षानुवर्षं फिरकली नाही तरी तो कपडा वरच्या फळीवर तसाच ठेवायचे. मात्र माणूस वारल्याचं पक्कं कळलं की खाली काढायचे, खुर्चीवर बसून कॉलरची खूण उसवायचे आणि मगच त्याच्या माणसांच्या हवाली करायचे. त्या वेळी आम्हा पोरांना दंगा करायची बंदी असे. मी बोटीवर लागले तेव्हा माझ्या जाकिटांना त्यांनी स्वतः फुली आणि रेघ घालून दिली. ती जाकिटं कधीच विरली, पण पुढच्या प्रत्येक जाकिटाला मी तीच खूण घालत आले.

तर त्या सकाळी मी मुकादमाची परवानगी घेऊन बोटीवरून उतरले. बाहेर पडतानाही जाकीट घालावं लागतं, म्हणजे आम्ही कोण ते लांबून कळतं. म्हणूनच उतरल्या उतरल्या एका बाईने माझ्या हातात तिची ओली छत्री दिली आणि "जरा धर हं" म्हणून ती पुढे चालूही लागली. मी ती छत्री धक्क्याच्या खांबाला अडकवली आणि घराची वाट धरली.

पुढे प्रवाशांचा एक घोळका चालला होता. त्यांची गाइडबाई केशरी झेंडी उंच धरून ओरडत होती, "बोट सुटेपर्यंत आपल्याला तीन गोष्टी करायच्या आहेत! पहिला मासळी बाजार, मग दीपगृहाजवळ फोटो, आणि शेवटी एका खऱ्याखुऱ्या दर्यावर्दीच्या घरी, त्याच्या तोंडून समुद्राच्या गोष्टी!" घोळक्यात गाठवाले काका होतेच. मला त्यांच्या पुढे जायचं होतं, पण गल्ली अरुंद आणि ही माणसं हात पसरून चालणारी. मासळी बाजारात त्यांनी नाकाला रुमाल लावून मासे विकणाऱ्या बायकांचे फोटो काढले. काकांनी एका माशाच्या डोळ्यात बोट घालून बघितलं आणि ते बोट शेजारच्या दुकानाच्या पडद्याला पुसलं. दीपगृहापाशी सगळ्यांनी दीपगृहाकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढले. मी चरफडत मागे. वाटलं, आता ही पीडा डावीकडे वळेल. ती उजवीकडे वळली. वाटलं, आता चौकात थांबेल. ती आमच्या बोळात शिरली. मग आमच्या जिन्यापाशी येऊन गाइडबाईने झेंडी खाली केली.

जिन्याशी माझा धाकटा भाऊ उभा होता. लहानपणापासून त्याला घरात शेठ म्हणतात, कारण पाळण्यातून उतरला तो थेट लोडाला टेकला. दुसऱ्याने केलेल्या कामाची देखरेख करणं हे त्याचं काम. आज त्याने डोक्यावर नाखव्याची टोपी घातली होती आणि तोंड भरून हसत होता. मला बघितल्यावर ते हसू तिरकं झालं.

"ताई! तू? आज?" तो माझं कोपर धरून कुजबुजला. "मागच्या दाराने आत जा. स्वयंपाकघरात बस. एवढी बॅच होऊ दे."

"कसली बॅच?"

"अगं, सांगतो ना नंतर. बाबा मजेत आहेत. तुला फोनवर म्हटलं नव्हतं का, हल्ली माणसांत असतात?"

म्हटलं होतं खरं. मला वाटलं होतं, संध्याकाळी बाकावर चार म्हातारे जमत असतील.

स्वयंपाकघराच्या दारातून मी पुढची खोली बघितली. बाबांची इस्त्रीची टेबलं गेली होती. भिंतीवर विकत आणलेली जाळी, प्लास्टिकचे शंख, एक सुकाणू, त्यावर किमतीचं लेबल अजून तसंच. मधोमध खुर्चीत बाबा. अंगात पितळी बटणांचा निळा कोट, नाटक कंपनीच्या भंगारातून उचलावा तसा. त्या कोटाची कॉलर मला दारातूनही दिसली. मळाने काळी, चकचकीत. ज्या माणसाने उभ्या जन्मात मळकी कॉलर स्वतःच्या अंगाला लागू दिली नाही, त्याच्या मानेला ती कॉलर घासत होती.

"मग काय, लाटा माडाएवढ्या!" बाबा सांगत होते. "शीड फाटलं. आम्ही तिघंच उरलो." समुद्राकडे पाठ करून उभा राहणारा माझा बाप हात हलवून लाटा दाखवत होता, आणि शेठ मागे उभा राहून, मास्तर पाठांतर ऐकतो तसा, ओठ हलवत होता. लोक ऐकत होते. काकांना जांभई आली.

मग शेठ पुढे वाकला आणि गोड आवाजात म्हणाला, "आणि तुमची मुलगी, बाबा?"

बाबांचा हात खाली आला. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. तिथे माझा फोटो होता, लाँड्रीत इस्त्री करतानाचा, आणि फोटोखाली एक छोटा विजेचा दिवा लुकलुकत होता.

"माझी मुलगी समुद्राने नेली," बाबा म्हणाले. "बोटीवर होती. बोट परत आली, ती नाही आली." इथवर पाठांतर असावं, कारण शेठचे ओठ इथे थांबले. पण बाबा थांबले नाहीत. "तिच्या हातची कॉलर कशी बसायची! माझी तशी बसत नसे. मी कधी म्हटलं नाही तिला. म्हणायला पाहिजे होतं." आणि ते रडायला लागले, नाकातोंडातून पाणी येईपर्यंत, लहान मुलासारखे. चारपाच मोबाइल वर झाले. गाठवाल्या काकांनी डोळे टिपले आणि नाक आमच्या पडद्यात शिंकरलं.

मी शेठला दंड धरून आत ओढला.

"मी मेलेय?"

"हळू बोल! अगं, नुसत्या वादळावर लोक जांभया देतात, पाहिलंस ना? या धंद्यात काहीतरी लागतं."

"मग तू मरायचं होतंस!"

"मी कसा मरणार? मी तिथे उभा असतो." हे त्याने अगदी मनापासून सांगितलं. "आणि बाबांना काय, दुसऱ्या मिनिटाला विसरतात."

"हे विसरतात? मी जिवंत असल्याचं विसरलेत आणि मेल्याचं लक्षात ठेवलंय!"

"कधी कधी रात्री उठून रडतात," तो म्हणाला. मग एकदम उसळला, "तू येतेस वर्षातून एकदा, डोळे पुसतेस आणि जातेस. त्यांना आंघोळ कोण घालतं? जेवायला कोण घालतं? मी! त्यांचं सगळं काढतो मी!"

"काढतोस? मग ती कॉलर बघ एकदा. कुत्र्याच्या गळ्यात बांधवणार नाही असला कोट घातलायस बापाला."

त्याच्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. मी सरळ पुढच्या खोलीत गेले, लोकांमधून वाट काढली आणि बाबांसमोर जाऊन उभी राहिले.

"बाबा, मी आलेय."

त्यांनी डोळे पुसून वर पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मी माझे हात मुद्दाम पुढे धरले. त्यांनी हातांकडेही पाहिलं, आणि मग दुकानात गिऱ्हाइकाशी बोलायचे त्या आवाजात विचारलं, "कुठली बोट आपली?"

मागे कुणीतरी "किती गोड!" म्हणालं.

मी खाली वाकले, तसा त्यांचा हात आपसूक माझ्या कॉलरकडे गेला. समोर कपडा आला की हात कॉलरकडे जायचा, ही त्यांची जुनी सवय. अंगठ्याने त्यांनी कॉलर उलटी केली आणि ते थिजले. फुली. खाली आडवी रेघ. माझ्या जिवात जीव आला. वाटलं, आता येणार, आता म्हणणार.

"हे माझ्या मुलीचं जाकीट," बाबा म्हणाले. "तुम्ही आणून दिलंत होय?"

"बाबा, ती मुलगी म्हणजे मीच! मी आहे ना!"

"नाही हो बाई," ते समजूत घातल्यासारखं म्हणाले. "ती गेली." आणि खात्री करून घ्यायला त्यांनी शेठकडे पाहिलं. "गेली ना रे?"

सगळी खोली शेठकडे बघत होती. एक शब्द पुरे होता. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मोबाइल धरलेल्या लोकांकडे पाहिलं, टोपी काढून छातीशी धरली, आणि खाली मान घालून म्हणाला, "हो बाबा. गेली."

चादरींमध्ये मी काय काय बघितलंय ते सांगून कुणाचं जेवण नासवायचं नाही. पण त्या खाली मान घालण्याची जी शिसारी मला आली, ती कशाचीही आली नव्हती.

"चांगलं केलंत आणून दिलंत," बाबा मला म्हणाले. "द्या इकडे. खूण उसवायला हवी." त्यांनी खिशात हात घातला. सगळं विसरलेल्या माणसाच्या खिशात त्यांची ती छोटी वाकड्या टोकाची कात्री मात्र होती. मी काय करतेय ते न कळता जाकीट काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते मांडीवर पसरलं, कॉलर उलटी केली, कात्रीचं टोक आडव्या रेघेखाली घातलं. खोलीत चिडीचूप. गाठवाले काका नीट दिसावं म्हणून एका बाईला बाजूला सारून पुढे आले होते. कात्री मिटली, रेघेचा पहिला टाका तुटला, आणि लाल दोरा सुटून वर आला.

माझ्या जन्मभराच्या रडण्याओरडण्याने काही झालं नसतं. पण त्या तुटलेल्या दोऱ्याकडे बघताना मला एकदम कळलं, इथे लेकीने बोलून उपयोग नाही, गिऱ्हाइकाने बोलायला हवं.

"अहो, काय करताय?" मी दुकानात भांडायला आलेल्या बाईच्या आवाजात म्हटलं. "खूण कशाला उसवताय? जाकीट धुवायला टाकलंय!"

कात्री थांबली.

"धुवायला?"

"मग! तुमच्या मुलीनेच दिलंय. बाहीवर डाग पडलाय, बघा. म्हणाली, बाबांशिवाय कुणाच्याने निघायचा नाही."

बाही त्यांनी उजेडाकडे धरली. डाग होताच, बोटीवरच्या पाइपाचा. त्यांनी त्यावर नख फिरवलं, वास घेतला. "गंजाचा आहे," ते म्हणाले. "जुना नाही. लिंबू आणि मीठ लावून उन्हात टाकलं की निघेल. घासायचं मात्र नाही." मग थांबून विचारलं, "तिने स्वतः दिलं?"

"स्वतः. माझ्या हातात. आजच सकाळी."

"आज सकाळी." बाबांनी कात्री मिटून खिशात ठेवली. मग मान वळवून शेठला म्हणाले, "मग ती गेली कशी रे? मेलेलं माणूस कपडे धुवायला टाकतं का? एवढा घोडा झालास, तुला एवढंसुद्धा कळत नाही?"

ते खुर्चीतून उठले. निळ्या कोटाच्या बाह्या वर सरकवायला लागले, त्या सरकेनात, तेव्हा त्यांनी कोटच काढला आणि खाली टाकून दिला. "बाबा, कोट!" शेठ ओरडला. "घाण आहे तो," बाबा म्हणाले आणि जाकीट घेऊन मोरीकडे चालू लागले.

गाइडबाईने घाईने झेंडी वर केली. लोकांत कुजबुज सुरू झाली, आणि गाठवाले काका चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाले, "म्हणजे मुलगी जिवंतच आहे? मग हे कसलं दाखवतात? फसवणूक आहे ही!" इतका वेळ गळणाऱ्या त्यांच्या डोळ्यांत आता चक्क राग होता. मी मेले नाही याचा इतका राग एखाद्याला यावा! मी म्हटलं, "काका, तुमच्या अभ्र्याची गाठ आम्ही दातांनी सोडवतो, बरं का." ते खोटं होतं, आम्ही कात्रीने कापतो. पण काकांचा चेहरा पांढरा पडला आणि ते जिना उतरून गेले.

बंदरावर बोटीचा भोंगा वाजला. मी मोरीच्या दारात गेले. बाबा बादलीशी पाय पसरून बसले होते. लिंबाची फोड डागावर दाबून धरली होती, कॉलर भिजू नये म्हणून अंगठ्याने वर उचललेली, इस्त्री शिकवायच्याही आधी त्यांनी आम्हाला दिलेली पहिली शिकवण. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. मी त्यांच्या पाठीला हात लावला.

"मी निघते."

"हं. तिला सांगा, घाई करायची नाही. डाग निघाल्यावर देईन." मग त्यांनी मान वर केली. "आणि बाई, तिची बोट परत कधी लागते?"

"पुढच्या वर्षी," मी म्हटलं. "याच सुमारास."

"मग वरच्या फळीवर ठेवतो," ते म्हणाले आणि पुन्हा डागाकडे वळले. 'अगं, तू' आलं नाही. मी थोडा वेळ तशीच उभी राहिले, तरी आलं नाही.

जिन्यात शेठने मला गाठलं. "शोची पार वाट लावलीस! पण ठीक आहे, दुसरी बॅच येतेच आहे. तोवर विसरतील ते." मग जरा विचार करून, अगदी गंभीरपणे म्हणाला, "ताई, ते जाकिटाचं मात्र जबरी झालं हं. उसवायला बसले तेव्हा. पुढच्या वर्षी तेवढंच करशील का? पुढचं नको."

मी खाली उतरले. बोळात दुसरी झेंडी शिरत होती, तिच्यामागे दुसऱ्या बोटीचा तसलाच एक घोळका. मी भिंतीला चिकटून त्यांना वर जाऊ दिलं. निघायला हवं होतं, पण पाय हलेना. खिडकी उघडी होती. भोंगा पुन्हा वाजला, आणि त्यानंतर शेठचा गोड आवाज खाली आला. बाबांना मोरीतून बाहेर आणून बसवलं असणार. लाटा झाल्या. शीड फाटलं. तिघं उरले.

"आणि तुमची मुलगी, बाबा?"

मी खिडकीखाली सरकले.

"तिचं जाकीट आलंय धुवायला," बाबांचा आवाज आला. "दोरीवर आहे बघा. कुणी हात लावू नका, ओलं आहे."

"नाही बाबा... मुलगी. समुद्राने..."

"बोट लागली की येईल न्यायला," बाबा म्हणाले. "आणि तो दिवा बंद कर रे, उगाच जळतोय."

मी धावत बंदरावर पोचले तेव्हा शिडी उचलत होते. मुकादम दारातच उभा होता. त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "जाकीट कुठाय तुझं?"

"धुवायला टाकलंय."

"धुवायला?" तो खो खो हसला. "लाँड्रीवालीने? बाहेर?"

"हो," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी आणायला जायचंय."